गेरूचे आकडे

मार्गासनी
९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

ती. सोमादादास,
रत्नाचा नमस्कार.

अक्षर ओळखून पाकीट फोडावं की नाही यातच तू अर्धा दिवस घालवशील, हे मला ठाऊक आहे. फोड. आत भांडण नाही. दिवाळीपासून सात वेळा फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून म्हटलं टपाल बरं, ते कुणी उचलायची वाट बघत नाही. पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर आबांच्या दहाव्याला आलास तेव्हा तुझी कापडी पिशवी पारावर राहिली होती. तिच्यावर तुमच्या राजस्थानातल्या पिंडवाड्याच्या संगमरवराच्या कारखान्याचं नाव-गाव छापलेलं आहे. अकरा वर्षं मी तिच्यात नाचणी ठेवते. त्या दिवशी तू डोळे पुसलेस, आणि माझ्या हातचं पाणी न पिता एसटी धरलीस. तेही मी विसरलेले नाही.

बातमी अशी, की पाणेश्वर यंदा लवकर वर आला. धरणाचं पाणी होळीलाच उतरू लागलं होतं. आज सकाळी टाकेवाडीला जाऊन आले, तर देऊळ नंदीच्या पाठीपर्यंत उघडं. आठ महिने पाण्याखाली झोपून उठलेलं देऊळ कसं दिसतं, आठवतं ना? ओलं, हिरवट, आणि हाक मारली तर लगेच ओ देणार नाही असं. शेजारी मठाचं नुसतं जोतं. पाण्यातून सोडवून वर उभा करायचा म्हणून उतरवलेला मठ अजून माळावर ढीग होऊन पडला आहे, आपण टाकला तसाच. तीनशे बारा दगड. त्यांच्यावर घाणेरी इतकी माजली आहे की नवख्या माणसाला वाटावं टेकाड आहे.

त्या ढिगापायीच हे पत्र. सरपंच मानसिंगनं बोलावलं होतं. वरच्या रस्त्याला संरक्षक भिंत घालायची आहे आणि दगड आयते पडलेत, असं गावाचं म्हणणं. माणूस वाईट नाही.

“ताई, धनाजी मिस्त्रींची लेक म्हनून आदी तुमाला इचारतोय,” म्हणाला. “उबा करनार असाल तर करा. वटपुनवेपतूर भिंती उब्या दिसल्या तर दगड मठाचं. न्हाईतर रस्त्याचं. वीस वर्सं वाट बगितली, अजून किती बगायची?”

मी करते म्हणाले. तोंडातून गेलं. घरी येऊन सांगितलं तर तुझे दाजी म्हणाले, “पाथरवटाची पोर केली तवाच वाटलं व्हतं, एक दिस दगुड घरात येनार.” आणि पहारी शोधायला उठले. गरीब आहेत बिचारे.

आता अडचण. आबांनी मठ उतरवण्याआधी प्रत्येक दगडावर आकडा घालून घेतला होता, पायापासून वर, एक ते तीनशे बारा. सांधे असे बसवलेले की एकाच्या जागी दुसरा जात नाही, नखभर फट राहते. आकडे गेरूचे होते. वळवाचे दोन पाऊस झाले, रंग कच्चा निघाला, आकडे धुऊन गेले. पुढं घरात काय झालं ते तू आणि मी दोघंही जाणतो. ते उगाळत नाही.

पण भिंत तुझ्या हातानं उतरली होती. कोणता दगड कुठून निघाला, हे तुझ्या हातांना आठवत असेल. आठवेल तेवढं कागदावर लिहून पाठव. नाहीतर ये. आंबे पाडाला लागतील तोवर.

तुझी,
रत्ना


टाकेवाडी
२ मे २०२४

ती. सोमादादास,

उत्तर नाही. बरं. आठवत असेल तर मी तुझ्याहून हट्टी आहे.

मी आता इथल्या ठकुबाईंकडेच मुक्काम हलवला आहे. म्हातारी नव्वदीला टेकली, दात नाहीत, जीभ शाबूत. दाजी दोन दिवसांआड येतात, भाकरी आणतात, ढिगाकडं बघून मान हलवतात आणि कामाला लागतात. भोरच्या सम्राटनं टेम्पोतून चेन-पुली आणि तिवई आणून दिली. घाणेरी तोडून झाली. पुण्याहून गायत्री नावाची मुलगी आली आहे, जुन्या बांधकामांचा अभ्यास करते. दिवसभर फूटपट्टी घेऊन देवळाभोवती फिरते आणि कागदावर दगड न् दगड काढते. आबा असते तर तिला सून करून घ्यायला निघाले असते.

तिच्याकडून मला आपलं देऊळ नव्यानं कळतं आहे. मला वाटायचं, देऊळ एकदा बांधलं की बांधलं. तसं नाही म्हणे. गाभारा सगळ्यात जुना, सातशे-साडेसातशे वर्षांचा असावा. त्यात चुन्याचा ठिपका नाही, दगडाला दगडानंच धरलं आहे. मग दोन-तीन पिढ्यांनी पुढचा मंडप. त्याचे खांब कुणी वेगळ्याच गावच्या माणसांनी घडवलेले, कारण त्यांचा हात जड आहे. विटांचा कळस अगदी अलीकडचा म्हणाली. मी विचारलं, अलीकडचा म्हणजे? तर म्हणे अडीचशे वर्षं. मग मी तिला माझं वय सांगितलंच नाही.

आणि दगडांवर खुणा आहेत, दादा. तुला माहीत होतं? समोरून दिसत नाहीत. बाजूला, सांध्यात लपेल अशा जागी. मासा, चंद्रकोर, कावळ्याचा पाय. मठाच्या दगडांवरही आहेत. मी मोठ्या कौतुकानं ठकुबाईंना दाखवायला नेलं, तर काठी टेकून वाकल्या आणि म्हणाल्या, “आगं, त्ये काय दागिनं हायत व्हय? ज्येचा दगुड त्येला वळकावा म्हनून. आमी न्हाई का लग्नाच्या पातेल्यावर नाव घालत?”

ते बरोबर निघालं. मासा माशाला लागतो, चंद्रकोर चंद्रकोरीला. म्हणजे त्या माणसांनीही आकडेच घातले होते, फक्त ते त्यांचे होते आणि धुऊन जाणारे नव्हते. गायत्री कागदावर जुळवते, आम्ही दगड फिरवून बघतो. नवीन जोतं तुम्ही त्या वर्षीच माळावर बांधून ठेवलं होतं, ते अजून पक्कं आहे. त्याच्यावर दोन थर उभे राहिले. पहिला दगड बसला आणि फट दिसली नाही, तेव्हा मी कुणाला न दिसेल अशी त्याला हात लावून उभी राहिले.

दुपारी सगळे सावलीला आडवे झाले की मी खाली देवळात जाऊन बसते. गाभाऱ्यातल्या खळग्यात पाणी उरलं आहे आणि त्यात बोटाएवढे मासे अडकले आहेत. ऊन दारातून आत येतं, पाण्यावर पडतं, तिथून छताला जातं, आणि छत हलायला लागतं. बसल्या बसल्या डोळा लागतो. मग वाटतं, वरून पाणी आहेच, आपणच कुठंतरी चुकून श्वास घेतो आहोत. एकदा तसंच झोपेत मला मठ जागेवर दिसला. दारात तू पंचा डोक्याला बांधून उभा होतास, पंचविशीतलाच असशील, आणि हातानं काहीतरी पुसत होतास. मी विचारलं काय पुसतोस, तर तू वळला नाहीस.

जागी झाले तेव्हा मासे तसेच फिरत होते. त्यांना लोट्यातून नदीत सोडून आले.

तुझी,
रत्ना


टाकेवाडी
१७ मे २०२४

ती. सोमादादास,

आज सात थर झाले. एकशे सत्तर दगड. दारही लागलं, त्यात आता बसता येतं. गावातली माणसं संध्याकाळी फिरत फिरत येतात, बसून बघतात, आणि ज्यांना दगडातलं ओ की ठो कळत नाही तेच जास्त सल्ले देतात.

पण तुला सांगायची गोष्ट वेगळी आहे. परवा गायत्री धावत आली, हातात वही. “ताई, हा मठ आधी मठ नव्हताच!” मला वाटलं उन्हानं हिचं डोकं फिरलं. मग तिनं एकेक दगड दाखवला. प्रत्येकावर दोन खुणा आहेत. एक मासा-चंद्रकोर अशी, झिजलेली, गाभाऱ्याच्या खुणांच्या जवळची. दुसरी नुसत्या रेघांची, धारदार, पुष्कळ नंतरची. तिचं म्हणणं असं, की देवळाला पुढं आणखी एक मंडप होता. तो कधीतरी पडला, कशानं ते कुणाला ठाऊक. दगड पडून राहिले, पन्नास वर्षं की शंभर, देव जाणे. मग तीनशे वर्षांपूर्वी कुणी गोसावी आले, त्यांना राहायला जागा हवी होती, आणि तेव्हाच्या पाथरवटांनी ते पडलेले दगड पुन्हा जुळवून मठ केला. रेघांच्या खुणा त्यांच्या.

म्हणजे आपण तिसरे, दादा. हे दगड एकदा ढीग होऊन पडले होते आणि पुन्हा उभे राहिले होते. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच बसले. वीस वर्षं मला वाटत होतं, की सातशे वर्षांत न झालेलं काम एकट्या आपल्या घरानं केलं.

दाराच्या डाव्या चौकटीच्या दगडावर आणखी एक आहे. तिथं कुणीतरी कावळ्याचा पाय कोरला, मग तो छिन्नीनं खोडला आणि शेजारी मासा काढला. चुकीची खूण पडली होती, ती दुरुस्त केली. मी त्या जागेवर बोट फिरवत राहते. ज्यानं चूक केली त्यानंच खोडली, की दुसऱ्यानं? त्या दिवशी तिथं आरडाओरडा झाला असेल का? कुणी घर सोडून गेलं असेल का? दगड बिचारा काय सांगणार.

आपल्याकडं मात्र आधी चूक कुणाची ते ठरवतात. त्या वर्षी ज्यानं कुणी गेरू कालवला

जाऊ दे. ठकुबाई जेवायला बोलावत आहेत.

जेवून पुढं लिहिते. आता खरी अडचण ऐक. आठव्या थरापासून खुणा बंद. वरचा भाग कधीतरी ढासळून पुन्हा घातलेला दिसतो, छोटे दगड, आणि ज्यांनी घातला त्यांना खुणा करायची सवय नव्हती. एकशे बेचाळीस दगड आणि जे दिसतात त्यांतल्या एकावरही काही नाही. चार दिवस आम्ही एक दगड तीस जागी लावून बघितला. गायत्रीला आठवड्यानं परत जायचं आहे. ठकुबाईंच्या लग्नाचा मठासमोरचा फोटो मिळाला, पण त्यात दाराच्या वर नुसता मांडव दिसतो. मानसिंग काल येऊन थर मोजून गेला. “निम्माच झाला, ताई,” म्हणाला, वाईट वाटून म्हणाला. निम्मी भिंत म्हणजे त्याच्या लेखी ढीगच. वटपौर्णिमेला पस्तीस दिवस उरलेत.

वरचे थर तू एकट्यानं उतरवलेस. आबा तेव्हा खाली होते. तुझ्याशिवाय हे कुणालाच माहीत नाही.

मला सध्या एकच स्वप्न पडतं. माळावरून तांबडं पाणी वाहतंय आणि मी ते ओंजळीनं परत वर नेऊन टाकते आहे.

रत्ना


टाकेवाडी
२६ मे २०२४

दादा,

आज दगडांचं लिहीत नाही.

गेरू मी कालवला होता.

तुला हे माहीतच आहे, कारण तू कालवला नव्हतास. पण मी ते कधी तोंडानं म्हटलं नाही, आबांना नाही, दाजींना नाही, तुला नाही. आज लिहिते.

आबा त्या दिवशी लोहाराकडून पहारींची टोकं शेवटून आणायला कापूरहोळला गेले होते. जाताना अळशीच्या तेलाचा डबा काढून ठेवला आणि तुला म्हणाले, “सोमा, रंग तेलात कालीव. पान्यात धरनार न्हाई.” रंग तू करायचा आणि आकडे मी घालायचे, कारण माझं अक्षर बरं. तू वर कौलं उतरवत होतास. मी म्हटलं, कशाला त्याला खाली बोलवा. आपल्या घरी उंबऱ्याला, चुलीला, तुळशीकट्ट्याला दर सणाला गेरू मीच द्यायचे ना. गेरू हातात आला की हात आपोआप घागरीकडं जातो. पाणी ओतलं, काडीनं ढवळलं. डबा शेजारीच होता. आबा तुला काय म्हणाले ते मी ऐकलंही होतं, पण हातांनी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी डबा उचलायला गेले तर भरलेला. तेव्हा ध्यानात आलं. निम्म्या दगडांवर आकडे पडले होते. त्या वेळी बोलले असते तर दोन दिवसांचं काम वाढलं असतं, आबा तापले असते, संपलं असतं. मी काय केलं, तर डब्यातलं तेल घाणेरीत ओतून आले. आणि पुढचा रंगही पाण्यातच कालवला, कारण दोन तऱ्हेचे आकडे दिसले असते. पहिली चूक हाताची होती, दादा. दुसरी माझी.

मग पाऊस झाला. आबांनी दगडावर अंगठा फिरवला, तो तांबडा झाला. त्यांनी विचारलं, “रंग कुनी कालीवला?” तू माझ्या शेजारी उभा होतास. मी म्हणाले, “दादानं.”

तू माझ्याकडं बघितलंस. एवढंच. तू काहीतरी म्हणशील म्हणून मी थांबले होते. तू म्हणाला असतास तर मी मुकाट्यानं कबूल केलं असतं, असं मी वीस वर्षं स्वतःला सांगते. बहुतेक नसतं केलं. आबा चारचौघांत तुला नको ते बोलले, तू छिन्न्यांची पिशवी घेऊन गेलास, आणि आबांनी त्या ढिगाला पुन्हा हात लावला नाही. प्राण जाताना आबांच्या तोंडी तुझं नाव होतं. तेव्हा तरी सांगायचं. सांगितलं नाही. मला वाटलं, मरताना माणूस लेकीचं तोंड बघून सुखानं जाऊ दे. खरं म्हणजे मला माझंच तोंड वाचवायचं होतं.

मला क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही. दगडांचं काय व्हायचं ते होवो. रस्त्याच्या भिंतीत गेले तरी चालतील. हे तुला कळवायचं होतं.

आबांच्या फोटोसमोर बसून हे पत्र मोठ्यानं वाचलं. ठकुबाईंनी ऐकलं. उठून त्यांनी चहा टाकला.

रत्ना


टाकेवाडी
९ जून २०२४

दादा,

चौथं पत्र मिळालं असेल किंवा नसेल. हे पाचवं घाईनं लिहिते आहे, अक्षराला हसू नको.

ढिगाचा तळ आम्ही आजवर हलवला नव्हता. जे दगड आधी उतरले तेच तळाशी, म्हणजे मठाचे सगळ्यात वरचे थर. ते अर्धे मातीत रुतलेले. काल सम्राटनं पुली लावून एक उपटून काढला, तो साखळीत गर्रकन फिरला आणि बूड वर आलं. बुडावर माती होती. मी सहज झाडूनं झाडली.

२९४.

छिन्नीनं कोरलेला, उथळ, पण स्वच्छ. नवाची शेपटी लांब ओढलेली. त्या शेपटीसाठी गुरुजींनी तुला छड्या मारल्या होत्या आणि तरी तू ती आखूड केली नव्हतीस.

मी खाली बसले. मग आम्ही दुसरा फिरवला. ३०१. मग तिसरा. आज संध्याकाळपर्यंत सगळे फिरवून झाले. तीनशे बारापासून खाली एकशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत, एकशे पंचवीस दगड. प्रत्येकाच्या बुडावर तुझा आकडा. आणखी एका दगडावर फक्त १ आहे, पुढं काही नाही; तो एकशे सत्त्याऐंशीच असणार. त्या शेवटच्या आठवड्यात आबांनी आणखी माणसं लावली आणि दगड भराभर वर गेले, मला आठवतं. तुला उसंत मिळाली नसणार.

तू बघितलं होतंस. मी रंग पाण्यात कालवताना तू कौलांवरून बघितलं होतंस, आणि मला न ओरडता, आबांना न सांगता, दुपारी आम्ही झोपलेले असताना एकेक दगड उलटा करून आकडे घालत बसलास. म्हणूनच तुझ्या पंच्याला कायम दगडाची भुकटी असायची. आणि आबांनी विचारलं तेव्हा तू हे सांगितलं असतंस तर निम्मा मठ तेव्हाच वाचला असता. पण त्यांनी लगेच विचारलं असतं, तू छिन्नीनं आकडे का घातलेस, आणि त्याचं उत्तर एकच होतं. म्हणून तू गप्प राहिलास. तू माझी चूक झाकत बसला होतास आणि मी ती तुझ्या गळ्यात बांधली.

दादा, मी फार वाईट वागले. हे दगडासमोर बसून लिहिते आहे आणि रडते आहे, गायत्री फोनवर आहे, तीही रडते आहे, तिला कारण पूर्ण कळलेलंही नाही.

हिशेब असा, की खालचे एकशे सत्तर त्या जुन्या माणसांनी लावून दिले. वरचे एकशे पंचवीस तू. मधले सतरा असे आहेत ज्यांच्यावर कुणाचीच पुरी खूण नाही. तुझे दगड मी माळावर ओळीनं मांडून ठेवले आहेत, जसे बसतील तसे, आकडा खाली. सतरा सापडले की वरचा मठ आठवड्यात उभा राहील.

ये.

रत्ना


टाकेवाडी
२० जून २०२४

सोमादादा,

तू ओसरीवर झोपला आहेस, तोंडावर पंचा टाकून. तिसरा प्रहर आहे. तुझ्यापासून चार हातांवर बसून मी तुला पत्र लिहिते आहे, आणि हे मी उद्या भोरला जाऊन पिंडवाड्याच्या पत्त्यावर टाकणार आहे. तू परत जाशील तेव्हा कारखान्यात तुझ्या नावाची दोन पाकिटं पडलेली असतील. हे, आणि ९ तारखेचं. तारखा नीट बघून आधी ते जुनं फोड.

कारण त्या पत्राच्या आधीच तू निघालास. मला हे तू आलास त्याच दिवशी कळलं.

मी भिंतीवर होते. माळावरून पिशवी घेऊन कुणीतरी येताना दिसलं, मला वाटलं मानसिंगचा माणूस. तू चप्पल काढलीस, भिंतीजवळ आलास, सांध्यात नख घातलंस आणि म्हणालास, “चवथा थर वाकडा हाय.” वीस वर्षांनी पहिलं वाक्य. माझ्या तोंडातून निघालं, “दोन सूत असंल.” तू म्हणालास, “अडीच.” मग खाली बसलास आणि म्हणालास, “पानी हाय का?”

मी तांब्या दिला. तू सगळा प्यायलास. मी उभी राहून बघत होते.

मग मी विचारलं, इतक्या लांबून कसा आलास. तू तांब्या पालथा घातलास. “पयली तीन पत्रं आली ती नुसती दगडांचीच व्हती. चवथं तुजं आलं, मग निगालो.” एवढंच बोललास. तुझे दाजी पहार घेऊन तिथंच उभे होते, त्यांनी तोंड वळवलं आणि उगाच आभाळाकडं बघून म्हणाले, “येतंय वाटतं.” आभाळ निरभ्र होतं.

नंतर आपण दोघंच राहिलो तेव्हा तू बोललास. तू म्हणालास, “घरी उंबऱ्याला कालवायचीस तशी कालवत व्हतीस. गानं म्हनत व्हतीस. हाक मारनार व्हतो, पर म्हनलं, असू दे, आबा लई बोलतील तुला. आपुन करू.” मी विचारलं, मी तेल ओतलेलं पण माहीत होतं? तू पहिल्यांदा हसलास. “घानेरीचं झुडूप जळालं व्हतं. घानेरी कशानं मरती का?”

मी विचारलं, मग इतकी वर्षं? तर म्हणालास, “तू सांगशील म्हनून वाट बगत व्हतो. लई येळ लावलास, रत्ने.” 

मग तू उठलास, ओळीतला एक दगड पहारीनं उलटा केलास आणि अंगठ्यानं माती पुसलीस. “ह्ये बग.”

आणि मी, दादा, आकडा पहिल्यांदाच बघते आहे असं केलं. तोंडावर हात घेतला. “आगं बया,” म्हणाले. तू एकेक दगड उलटा करत गेलास, ३१२, ३११, ३१०, लहानपणी गोट्या दाखवायचास तसा, आणि मी मागून येत होते. रडणं खोटं नव्हतं. पण मला चार दिवसांपासून माहीत होतं. ते मी लपवलं. वीस वर्षं जपून ठेवलेली वस्तू तुला स्वतःच्या हातानं उघडून दाखवायची होती, ती मी कशी आधी उघडली म्हणू? म्हणून तेवढं एक लपवलं. आणखी काही लपवलेलं नाही, आबांची शपथ.

काल मात्र मनात आलं. एकशे पंचवीस दगड आकड्यांच्या क्रमानं बरोबर ओळीत मांडलेले तू बघितलेस, आणि तुला संशय आला नसेल? तू पाथरवट आहेस. माती कालची पुसलेली आहे की वीस वर्षांची, हे तुला कळत नसेल? बहुतेक तुलाही कळलं होतं आणि तूही दाखवलं नाहीस. तसं असेल तर आपण दोघं सारखेच आहोत, आणि ठकुबाईंचं बरोबर आहे. त्या म्हणतात, “दोगंबी धनाजीवर गेली. दगडावानी गप.”

ते सतरा दगड. तुझ्याही हातांना आठवत नव्हते. सात दिवस आपण ते उचलले, फिरवले, लावले, काढले, आणि जिथं बसले तिथं त्यांच्यावर तुझे चढवत गेलो. चौदाव्यावर भांडलो. लहानपणी भांडायचो तसं, तू पहार टाकून गेलास आणि अर्ध्या तासानं परत येऊन मी म्हणत होते तीच जागा दाखवलीस, स्वतःची म्हणून. मला इतका आनंद झाला होता की मी वाद घातला नाही. सतरावा, तो एकशे सत्त्याऐंशी, आज सकाळी बसला. बसवण्याआधी तू त्याच्या बुडावरच्या १ पुढं उरलेले दोन आकडे कोरलेस आणि छिन्नी माझ्या हातात दिलीस. बाकीचे सोळा मी बसल्या जागी, आतल्या बाजूनं कोरले. वाकडे आले आहेत. तू नुसती भुकटी फुंकलीस.

मानसिंग दुपारी येऊन गेला. उद्या वटपौर्णिमा. नवव्या थराकडं आणि ओळीत उरलेल्या आकड्यांकडं बघून त्यानं टोपी मागं सरकवली आणि म्हणाला, “रस्त्याला दुसरीकडनं दगड आनतो, ताई.” गायत्रीला फोनवर सांगितलं तर तिनं एकच विचारलं, की नवे आकडे कोणत्या साली, कुणी घातले. लिहून ठेवायचंय म्हणे. मी म्हटलं लिही, २००४ साली सोमनाथ धनाजी, आणि २०२४ साली रत्ना धनाजी. दोघांची नावं एका ओळीत लिही.

खाली देऊळ अजून उघडं आहे. पंधरा-वीस दिवसांत पाणी पायऱ्यांना लागेल, मग नंदी, मग खांब, आणि ते पुन्हा झोपेल. आधी तुला तिथं न्यायचं आहे, दुपारचं, छत हलतं ते दाखवायला. तू हलायला लागलास. उठशील आता आणि चहा मागशील.

तिकडं पोचलास, दोन्ही पत्रं वाचून झाली, की मी फोन करीन. या वेळी उचल.

तुझी,
रत्ना